बूट पायाशी मोजायचा

आमच्या घरात मूल वर्षाचं झालं की त्याला बूट मिळतात. केक, फुगे, टोप्या हे सगळं असतंच, ते सगळ्यांकडेच असतं. पण आमच्या घराचा खरा वाढदिवस म्हणजे बूट. चार पिढ्या आम्ही हेच करतोय, माणसांच्या पायात बूट घालतोय, मग आपल्याच पोरांना बाजारातले कसे घालणार?

त्याचे नियम आहेत आणि ते मोडलेले बाबांना खपत नाहीत. एक, वाढदिवस वर्षात कधीही येवो, बूट मिळणार पानगळीतच. दोन, बूट झाले की कागदात गुंडाळून दोरी बांधायची, मग करणाऱ्यानेसुद्धा ते उघडायचे नाहीत. अंगणात मुलाची आई उघडणार. तीन, अक्रोडाच्या झाडाखाली पडलेली पानं दोन आठवडे कुणी झाडायची नाहीत. त्या वाळलेल्या पानांवर मुलाला उभं करायचं, हात धरून चालवायचं, आणि बूट करणाऱ्याने स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकायचं. पाऊल कसं पडतं, बूट कुठे दाबतो, कुठे घसरतो, हे त्या पानांच्या आवाजावरून बाबांना कळतं. तुम्हाला खोटं वाटेल. मलाही लहानपणी वाटायचं. पण दुकानाबाहेरच्या वाटेवरून कोण येतंय ते बाबा मान वर न करता सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात.

चौथा नियम सगळ्यांत विचित्र. घरात कुणी स्वतःचे बूट स्वतः करायचे नाहीत. माझ्या हाताला बाबांनीच वळण लावलं, वीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून शिवतेय, गावभराचे सोल बदललेत मी; पण माझ्या पायातले बूट आजवर बाबांनीच केले. सोल झिजला तरी तेच बदलणार. "आपला पाय आपल्याला कळत नाही," म्हणायचे. मी म्हणायची, बरं बाबा, करा.

यंदा पाळी बारकीची होती. बारकी म्हणजे माझ्या दादाची मुलगी. दादा-वहिनीच्या लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा कुठे ही आली, तीही ऐन पानगळीत, म्हणजे हिचा वाढदिवस आणि बूट एकाच दिवशी. तिला एक सोन्यासारखं नाव आहे, पण घरात कुणी ते वापरत नाही. घरात ती बारकी, आणि मी बदक. मी जरा डुलत चालते म्हणून दादाने शाळेत असताना ठेवलेलं नाव. बूट घातले की कमी डुलते, अनवाणी असले की जास्त. चाळिशी आली तरी त्याने ते नाव सोडलं नाही, आणि मीही त्याला सोडलं नाही. तो शाळेत गणित शिकवतो, आणि घरीही शिकवायला बघतो.

तर भांडण दुकानावरून होतं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. चष्म्याने जाणारं दुखणं नाही ते. रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, चालवायची तर समोरचंच दिसायला हवं ना? ते बोटांनी चाचपून चामडं कापतात. उन्हाळ्यात गावच्या बँडमास्तरांचे बूट केले, त्यातला एक अर्ध्या नंबराने मोठा निघाला. बँडमास्तर भला माणूस, दुकानात येऊन हळूच म्हणाला, "जरा बघता का?" पण त्याच वेळी दादा शाळेतून येऊन दारात उभा. झालं! त्या दिवसापासून एकच धोशा. बाबांना आता बसवा, दुकान बंद करा, उद्या बोट कापून घेतील.

"आणि मी काय करू? माश्या मारू?" मी विचारलं.

"तू कर ना काम. पण बाबांनी रापी हातात धरायची नाही."

"मग त्यांनी काय धरायचं? जपमाळ?"

बाबा हे सगळं बाकावर बसून ऐकत होते. हे मला जास्त लागलं. शेवटी दादाच म्हणाला, "बरं. बारकीचा वाढदिवस होऊ दे. तिचे बूट बाबा एकटे करतील, बदकाने हात लावायचा नाही. नीट झाले तर मी परत तोंड उघडणार नाही. नाही झाले तर बाक आवरायचा." बाबा म्हणाले, "चालेल." एवढंच. पण त्यांचा अंगठा मांडीवर घासत होता. जीव टांगणीला लागला की ते तसंच करतात.

आता वहिनीचं. वहिनी बारकीला आंघोळ घालताना मला एकदा हाक मारून म्हणाली, "ताई, हिच्या मांडीच्या वळ्या बघ. या बाजूला दोन, त्या बाजूला तीन." मी बघितलं. म्हटलं, "अगं, गुटगुटीत पोरांच्या वळ्या काय मोजत बसतेस? दादाचं वारं लागलं का तुला?" ती हसली, पण मनापासून नाही. पुन्हा म्हणाली, "उभी राहते तेव्हा डाव्या पायाची टाच टेकवत नाही." मी म्हटलं, "नाचणारी होणार." दादाही म्हणाला, उशिरा झालेल्या मुलाच्या आईला प्रत्येक गोष्टीची काळजी वाटते. असं सगळ्यांनी मिळून तिला गप्प केलं, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. तो कायमच असतो.

माप घेण्याच्या दिवशी बाबांनी बारकीला कागदावर उभं केलं, बोटाने कडेकडेने पेन्सिल फिरवली. नेहमी पाच मिनिटांचं काम. त्या दिवशी अर्धा तास झाला तरी संपेना. तिचे गुडघे दाबून बघत होते, कमरेला दोन्ही बाजूंनी अंगठे लावून बघत होते. मला म्हणाले, "चहा कर." मी चहा करून आले तर म्हणाले, "हिला बिस्किट आण." मी बिस्किट आणलं तोवर कागद घडी होऊन त्यांच्या खिशात गेला होता. मला वाटलं, दिसत नाहीये. दिसत नाही म्हणून एवढा वेळ लागला आणि ते मला कळू नये म्हणून चहा-बिस्किट चाललंय.  मी बारकीला कडेवर घेतलं आणि बिस्किट भरवलं.

वाढदिवस रविवारी. गुरुवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाले आणि मी दुकानात आले. बाकाच्या कोपऱ्यात पुडकं तयार होतं, कागद, दोरी, त्यांची ती दुहेरी गाठ. उघडायचं नाही हा नियम मला माहीत होता. हात लावायचा नाही ही दादाची अट मला माहीत होती. तरी मी गाठ सोडली, कारण मला दोन रात्री झोप नव्हती.

काय बूट होते ते! मधाच्या रंगाचं मऊ चामडं, टाके असे की मुंगीने चालत जाऊन घातले असावेत. ज्याला समोरचं दिसत नाही त्या माणसाचे टाके. माझे डोळेच भरून आले. मग मी दोन्ही बूट बाकावर शेजारी शेजारी ठेवले, खाली वाकून बघितलं.

डावा बूट उंच होता. चांगला अर्ध्या बोटाच्या जाडीइतका उंच. सोलला एक थर जास्त लागला होता, टाचेपासून चवड्यापर्यंत. एवढासा बूट तो, त्यात अर्धं बोट म्हणजे केवढं! आंधळ्यालाही दिसेल, असं मनात आलं आणि मीच जीभ चावली.

मी बाकावर बसले. रविवारी काय होणार ते सगळं डोळ्यांपुढे आलं. वहिनी पुडकं उघडणार, दादा बूट शेजारी शेजारी ठेवणार, सगळे पाहुणे बघणार, दादा काहीच बोलणार नाही, आणि बाबा त्याचं न बोलणं ऐकणार. सोमवारी बाक आवरला जाणार. हा माणूस सत्तेचाळीस वर्षं त्या बाकावर बसलाय. त्याला तिथून उठवलं तर तो घरात कुठे बसणार?

मी दार लावलं. रापी घेतली, टाके उसवले, तो जादा थर अलगद सोडवला. सोल्युशन लावून सोल परत बसवला, त्याच भोकांतून मेण लावलेला दोरा ओवला. बाबांसारखे टाके मला येतात, घरात ते मलाच येतात. दोन तास लागले. शेवटी दोन्ही बूट शेजारी ठेवले, वर पट्टी आडवी ठेवली. तंतोतंत. काढलेला थर अॅप्रनच्या खिशात टाकला, पुडकं बांधलं, तीच दुहेरी गाठ मारली. मला इतकं हलकं वाटलं! चहा करून बाबांना उठवलं तर म्हणाले, "आज खुशीत दिसतेस." मी म्हटलं, "रविवारी केक आहे ना!"

लहानपणापासून बाबा मला एकच गोष्ट सांगत आलेत. बूट पायाशी मोजायचा, बुटाशी नाही. त्या दिवशी ती मला आठवलीसुद्धा नाही.

रविवारी सकाळपासून घर पाहुण्यांनी भरलं. वहिनीच्या माहेरची माणसं, दादाचे शाळेतले दोन मास्तर, बँडमास्तर, आणि आमची आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची, कानाने अधू आणि तोंडाने धडधाकट. दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "फुगे कशाला एवढे? पोरगी घाबरेल." मग स्वतःच एक फुगा फोडला आणि बारकीला रडवलं. केक कापला. बारकीने केकात हात घातला आणि तो हात दादाच्या कोऱ्या शर्टाला पुसला. सगळे हसले, बाबासुद्धा. तेवढा अर्धा तास घर कसं छान होतं, मला अजून आठवतं.

मग आम्ही अंगणात आलो. थंड, कोरडी हवा होती. अक्रोडाखाली घोट्यापर्यंत पानं साचलेली. बाबा स्टुलावर बसले, हात गुडघ्यांवर. वहिनीने गाठ सोडली आणि कागद बाजूला केला.

"अगंबाई!" वहिनीची आई म्हणाली. "किती गोड!"

दादाने बूट घेतले, आणि मला वाटलं होतं तेच केलं. तळहातावर शेजारी शेजारी ठेवले, डोळ्यांपाशी नेऊन बघितलं.  मग त्याचा चेहरा खुलला. मनापासून खुलला, खोटं कशाला सांगू. "बाबा," तो म्हणाला, "हरलो मी. एका केसाचाही फरक नाही. अगदी सारखे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाबांकडे बघितलं, त्यांचा आनंद बघायला. आणि तिथे आनंद नव्हताच. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय म्हणालास?" त्यांनी विचारलं.

"सारखे आहेत म्हटलं. तंतोतंत."

"थांब जरा. तिला घालू नकोस," असं काहीतरी बाबा म्हणाले, पण टाळ्या चालू होत्या आणि वहिनीने बूट घातलेसुद्धा. दादाने बारकीचे दोन्ही हात धरून तिला पानांवर उभं केलं. पोर खूश! खालून चुरचुर आवाज येतोय, चकित होऊन खाली बघतेय. दोन पावलं टाकली. दादाने एक हात सोडला. तिसरं पाऊल डाव्या पायावर पडलं, ती कमरेतून डावीकडे कलली, दादाच्या हातातून तिचा हात सुटला आणि ती तोंडावर आपटली.

रडणं ऐकून वहिनी धावली. पानं होती म्हणून ओठावर नुसतं खरचटलं. कुणीतरी म्हणालं, नवे बूट आहेत, पडायचंच. बाबा म्हणाले, "डावा बूट मला दे."

दादाने काढून दिला. बाबांनी सोलच्या कडेवरून अंगठा फिरवला, टाचेपासून चवड्यापर्यंत, एकदाच. टाके चाचपले. माझे टाके त्यांना कळणार नाहीत असं मला कसं वाटलं? त्यांनी मान वर केली आणि माझ्या बाजूला तोंड केलं. मला वाटलं, आता माझं नाव घेणार.

"माझा हात चुकला," ते म्हणाले. "तुझं बरोबर होतं रे. उद्या बाक आवरू."

दादा गोंधळला. "अहो, पण बूट तर सारखे..."

"चुकला म्हणतोय ना मी!"

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पोर डावीकडे कलली. थर डाव्या बुटाला होता. अर्धा तास गुडघे दाबून बघत होते. या माणसाचा हात चुकला नव्हता, आणि तो माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन सत्तेचाळीस वर्षांचा बाक सोडून द्यायला निघाला होता.

"बाबांचा हात चुकलेला नाही," मी म्हणाले.  "मी चुकले. डाव्या बुटाला जादा थर होता. मी गुरुवारी काढला. मला वाटलं, बाबांना दिसलं नाही म्हणून लागला." अॅप्रन घातलेला नव्हता, पण तो थर मी सकाळी स्कर्टच्या खिशात ठेवला होता, का ते मलाही माहीत नाही. काढून दादाच्या हातात दिला. "बाबा, कागद द्या तो."

"गप्प बस," बाबा म्हणाले.

"कागद द्या."

त्यांनी खिशातून कागद काढला. वहिनीने माझ्या आधी तो घेतला. दोन इवलीशी पावलं, आणि मध्ये बाबांच्या वेड्यावाकड्या अक्षरात: डावा पाय आखूड, अर्धं बोट.

वहिनीने तो दोनदा वाचला. बारकी तिच्या खांद्यावर हुंदके देत होती. "मी सांगत होते," वहिनी म्हणाली. ती ओरडली नाही. "मी तीन महिने सगळ्यांना सांगत होते."

  आणि बाबांना कळलं होतं, तरी त्यांनी सांगितलं नव्हतं! बूट तसेच राहिले असते तर दादाने फरक बघून कपाळाला आठ्या घातल्या असत्या, पण बारकी पानांवर नीट चालली असती, टाळ्या वाजल्या असत्या, आणि आम्ही सगळे आत जाऊन राहिलेला केक खाल्ला असता.

बरोबर तेव्हाच आत्या बोलली. तिला यातलं अर्धंमुर्धं ऐकू आलं होतं. "अरे, रडता काय! अगदी आपल्या आत्यावर गेलीय पोर. ही नव्हती का अशीच पडली, याच झाडाखाली? याच बाजूला! मग हिच्या बापानं दुसऱ्या दिवशी दुसरे बूट करून घातले आणि लागली की तुरुतुरु चालायला." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मला आधी काही कळलंच नाही. मी माझ्या पायांकडे बघितलं. तपकिरी बूट, तीन वर्षांपूर्वीचे, बाबांनी केलेले. माझा प्रत्येक बूट बाबांनी केलेला. मी तिथेच पानांत बसले आणि दोन्ही बूट काढले. बाहेरून दोन्ही सारखे. तशी मी ते हजार वेळा पुसलेत, पॉलिश केलेत. उजव्या बुटात हात घातला. आतला तळ पातळ, बोटाला लगेच सोल लागला. मग डाव्यात हात घातला. नखाने आतला तळ उचकटला. त्याखाली एक चामड्याचा थर होता, त्याखाली अजून एक, टाचेकडे जाड आणि पुढे उतरता होत गेलेला, कडा अशा घासलेल्या की पायाला कळूसुद्धा नये. इतकं सुंदर काम मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "हे काय आहे?"

ते खाली बघत होते. "तू वर्षाची होतीस," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, खुब्याचा सांधा नीट बसलेला नाही. कमरेपासून खाली प्लास्टर घालायचं, सहा महिने. तुझी आई जाऊन महिना झाला होता. दादा तीन वर्षांचा. तू रात्रभर आईसाठी रडायचीस, आणि त्यात तुला प्लास्टरमध्ये घालून निजवायची... नाही जमलं मला. मला बूट येत होते, मी बूट केले."

"आणि बारकीलाही तेच करणार होतात?"

"एवढ्याशा बुटात आत जागा नाही, म्हणून थर बाहेरून लावला. चालली असती की. तुझ्यासारखीच. तुझं काय अडलं?"

माझं काय अडलं! अंगाचा भडका उडाला माझ्या. मी विशीत नर्सिंगला गेले होते. तिथे गणवेशाचे बूट मिळायचे, बाजारचे. दोन महिन्यांत कंबर अशी धरली की मला वॉर्डमध्ये उभं राहवेना. सिस्टर म्हणाल्या, तुझ्यात चिकाटी नाही. दादा म्हणाला, कामचुकार. मी रडत घरी आले, आणि बाबांनी बाकावर शेजारी जागा करून दिली आणि म्हणाले, "इथे बस. हे बसून करायचं काम आहे." केवढा चांगला बाप, असं वाटलं होतं मला! वीस वर्षं वाटत होतं. रोज संध्याकाळी कमरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन मी हाच विचार करत झोपलेय की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

हे सगळं मी बोलले, पाहुण्यांसमोर. बँडमास्तर बिचारा झाडाकडे बघत राहिला.

मग दादा पुढे झाला. त्याच्या हातात तो थर होता. त्याला सावरायचं होतं सगळं, मला कळतंय. "बदका," तो म्हणाला, "हे नंतर बोलू. आत्ता एवढा थर लावून दे ना परत. सगळे थांबलेत. एकदा चालू दे तिला नीट, वाढदिवस आहे गं. मग उद्या काय ते बघू."

"लाव," बाबाही म्हणाले. "नुसता चिकटव, दहा मिनिटांचं काम आहे."

 वहिनी माझ्याकडे बघत होती. तीन महिने मी जिला गप्प केलं, ती आता बघत होती की मी काय करते.

मी उठले. थर घेतला नाही. मोजे काढून बुटांत कोंबले आणि बूट बाबांच्या मांडीवर ठेवले. पानं पायाला गार लागली.

"डोळे मिटा," मी बाबांना म्हटलं.

"कशाला?"

"नियम आहे ना? बूट करणाऱ्याने ऐकायचं. ऐका."

मी अक्रोडाच्या खोडापासून कुंपणापर्यंत चालत गेले. मुद्दाम डुलले नाही, मुद्दाम सावरलंही नाही. जशी चालते तशी चालले. उजवं पाऊल पडलं की पानं एकदाच चुरायची. डावं पडलं की आधी चवडा, मग टाच, मग एक ओढल्यासारखा आवाज. मला तो कधी ऐकू आला नव्हता. त्या दिवशी अंगणात सगळ्यांना ऐकू आला. आत्यालासुद्धा आला असेल, कारण ती गप्प होती.

कुंपणापाशी वळले तर बाबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. "हात काढा," मी म्हणाले. त्यांनी काढले. मी परत चालत आले, त्यांच्या स्टुलापर्यंत.

त्यांनी वाकून माझा डावा पाय हातात घेतला, लहानपणी घ्यायचे तसा, आणि टाचेवरून अंगठा फिरवला.

"पाऊण," ते म्हणाले. "पाऊण बोट झालाय. तू एवढीशी होतीस तेव्हा अर्धंच होतं."

वहिनीने बारकीच्या उजव्या पायातला बूट काढला, तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि दादाला म्हणाली, "डॉक्टरांचा नंबर लाव. उद्याचा पहिला."